माह्या बॅटीवर ह्यायचं नाव

त्या बॉलरचं नाव माह्यासमोर काढूच नका. तो टीव्हीवर दिसला तरी माह्यं डोकं तापते.

सौसरच्या टुर्नामेंटचं बक्षीस वाटायले आला होता तो. मी पांढुर्ण्याहून माही बॅट घेऊन गेली. कॉलेजच्या टीमकडून याच बॅटीनं खेळली मी. आमचे हे नुसते सोबतीले आले. त्यायले क्रिकेटमधलं काही समजत नाही.

त्याच्या सहीसाठी दुपारभर उन्हात लायनीत उभी राहिली. नंबर आला तशी मी बॅट समोर केली. त्यानं ती माह्या हातातून घेतली अन् मागं उभ्या ह्यायले विचारलं, "भैया, आपका नाम?"

ह्यायनं सांगूनही टाकलं, "सुरेश."

त्यानं बॅटीवर 'सुरेश भाई को शुभकामनाएँ' लिहिलं, खाली सही केली अन् बॅट ह्यायच्या हातात दिली.

मी म्हटलं, "ओ भाऊ, बॅट मेरी है. खेलती मैं हूँ."

तो हसला. म्हणे, "एक ही बात है, भाभीजी."

"एक ही बात है ना? तो नीचे अपने साइन की जगह अपनी बीवी का नाम लिखो!"

लायन खो खो हसली. त्याचं तोंड उतरलं अन् त्याच्या बाउन्सरनं आम्हाले बाजूले केलं.

परतताना गाडीवर हे मले समजावून राहिले, "जाऊ दे ना. इतक्या दूर गेलो, सही तर भेटली!"

मी म्हटलं, "तुम्हाले भेटली. मले कुठं भेटली?"