नडगीतलं पोवळं

नाई नाई, उठू नका काकाजी, आई चहा टाकून राहिली — मी काय मजाक करून राहिलो का? माह्या तोंडावर हसू दिसते का तुमाले? मंग! मनीषनगरले तुमच्या हॉलमधी बसून काय म्हनले होते तुमी — दुर्गेश, तुह्या पत्रिकेत कडक मंगळ आहे, अंगाले पोवळं लागल्याबिगर आमची मोनाली देनार नाई. म्हनले होते ना? हाव. अन् मी अंगठी घालून आलो तं तुमी खडा दातानं चावून पाह्यला — प्लॅस्टिक! बरोबर आहे, प्लॅस्टिकच होतं जी. पन आता? आता दात कुठं लावसान? आता पोवळं माह्या डाव्या नडगीत आहे!

आईची शप्पथ. हाडाचा चुरा झाला होता, मधात हा एवढा खड्डा — डॉक्टर मॅडमनं त्यात पोवळं भरलं. समुद्रातलं, साफसूफ केलेलं, हाडासाठीच बनवलेलं. काहून? तं त्याले भोकंच भोकं असतात, स्पंजासारखी. वेलाले मांडव लागते ना, तसं — आपलं हाड त्याच्यातून चढत जाते. मी टेबलावर, कंबरेखाली सारं सुन्न, अन् हसून राहिलो — मॅडम म्हने, भूल जास्त झाली का याले? म्हनलं, नाई जी, लग्न जमलं!

फक्त एक लोचा आहे. हाड भरत गेलं का तो मांडव विरघळते — हळूहळू सारा गायब. मंग मंगळ मोकळा! म्हनून म्हनतो, तारीख लवकर काढा, पोवळं आहे तोवर.

पडलो कसा? सांगतलं ना, गाडी घसरली. हाव, गाडीच. तुमच्या मागच्या भिंतीचं प्लॅस्टर लय गुळगुळीत आहे, पाय ठरतच नाई — म्हंजे, गाडीचा पाय... अन् तुमचा शेरू तं भुंकतच नाई, रोजची ओळख — रोजची म्हंजे... जाऊ द्या ना जी! तुमीच सांगा, त्या दिवशी गांधीबागेतून दुकान सोडून लवकर काहून आले? तुमी आले, मोनाली ओरडली, मी उडी मारली. म्हंजे पाहा — तुमी आले नसते तं पोवळं लागलंच नसतं. म्हंजे ते मले तुमीच घातलं! पोरीच्या बापानं पोराले पोवळं घातलं — साक्षगंधच झालं ना काकाजी!

...काकाजी? ती माही कुबडी होय. खाली ठेवा जी. नाई — उजव्या पायाले मंगळ नाई, काकाजी —