तुकड्याले चोवीस तास लाईन

गेली! पाहा, गेली लाईन! तुमाले सांगतो, हिंगणघाटात भाजी इकून आलो, पाय धुतले, पंख्याखाली टेकलो की... टुक! आता बसा असेच आंगणात माया संग घाम पुसत! वांग्याले पाणी नाई, जीवाले वारा नाई, अन् माया बायकोच्या पोटाचा तुकडा मातर तिकडं फ्रीजरात गारेगार! तुकड्याले लाईन हाये, माणसाले नाई!

कोणता तुकडा म्हणता? अवो, आमच्या धुरपताले पोटाचा कॅन्सर निघाला नं मागच्या साली. दवाखान्यात नेलं, अर्ध्याच्या वर पोट कापाचं ठरलं. आपरेशनच्या आंधी डाक्टर म्हणते, "भैय्याजी, गाठीचा छोटासा तुकडा संशोधनासाठी ठेवू का?" म्हटलं, नाई! जलमभर भाजी इकली, आता बायकोही इकू का? तं खाटेवरून धुरपताच म्हणते, "ठेवा साहेब, मी देतो. अवो, तुमी का तो घरी नेऊन लोणचं घालनार हाये?" झालं! देऊन मोकळी!

मंग इचारलं, त्याच्यात पाहाचं काय असते? डाक्टर म्हणते, "मायक्रो आरएनए." आता हे कोन बापा? म्हणते, "पेशीतले अगदी बारीक रेणू. कोणत्या जनुकाचं काम किती दाबायचं, ते यांच्या हातात. पोटाच्या कॅन्सरमध्ये काही फार वाढतात, काही कमी होतात, मग पेशींना लगाम राहत नाही." म्हटलं, सरळ सांगा नं, लाईनमन! आमच्या रूपरावसारखा! दिसाले एवढासा, पण खांबावर चढला की अर्ध्या गावाचा अंधार त्याच्या हाती! एक जास्तीचा आला, त्यानं चांगल्याची लाईन कापली... अन् ज्यानं खराबाची कापाची, तो सुट्टीवर! मंग दंड धुरपताले काऊन? तिनं काय केलं होतं? "तिखट लय खाये नं ते," म्हणते शेजारची मनकर्णाबाई. अवो बाई, भाकरीवर ठेच्याचा डोंगर तं तुमी करता!

म्हटलं, साहेब, हे लाईनमन सापडले तं धुरपताले औषध भेटंल? "आत्ताच नाही सांगता येत. दहा-पंधरा वर्षं लागतील... पुढे कदाचित रक्ताच्या थेंबावरून आजार लवकर कळेल." दहा-पंधरा वर्षं! इथं तिले वाटीभर वरण पचत नाई, गाठ वापस येते का म्हणून माया जीव टांगणीले, अन् हे पुढच्याचं सांगून राह्यले! तुकड्याले लाईन हाये, माणसाले नाई!

घरी येऊन भडकलो तिच्यावर. काऊन देल्ला? आपल्याले काय भेटलं? तं म्हणते, "आपल्यासाठी थोडीच देल्ला! उज्वलाच्या आंगात मायंच रगत हाये नं? तिच्यावर अशी पाळी आली तं तिले तरी लवकर कळंल." उज्वला म्हणजे आमची पोरगी, आठवीत हाये. आता अशीवर चिडू कसा? म्हनून तं लाईनीवर चिडतो!

थांबा... आतून आवाज देऊन राह्यली. काय वं? का म्हणते? "अवो, लय गरम होते. तिकडं माया तुकडा मजेत असंल नाई?"

असंल नं! जनरेटर हाये त्याले!

"अन् मले?"

...आयकलं? आना बरं तो पुठ्ठा इकडं, वारा घालतो तिले. आलो, धुरपते, आलो! रोजचंच हाये हे... तिचा जनरेटर मी, अन् मले लोडशेडिंगही नाई!