हातातलं काम

मी हिंगोलीकडची. सातवीतच शाळा सुटली, कारण आठवीचा वर्ग दुसऱ्या गावाला आन् पोरीला एकटीला कोण पाठवणार. लग्न झालं, नवरा रिक्षा चालवायला इकडं मुंबईला आला तशी मीबी आले, खारी गावात खोली घेतली. माहेर एवढं लांब, आई आजारी पडली तर मी पोचेपर्यंत ती बरीबी झालेली असती.

जवळच पूनम सागर म्हणून सोसायटी आहे, तिथं एक आजी आहेत, एकट्याच राहतात. फुटपाथच्या उखडलेल्या लादीला पाय अडकून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मग दिवसा मला ठेवलं, रात्रीची बाई वेगळी. त्यांची मुलगी, मी ताई म्हणते, डेन्मार्कला असतात. माणसं लई चांगली बगा. पहिल्या दिवशी आजींनी मला घरातल्याच कपात चहा दिला, ते मी विसरत नाही.

आता काय सांगू तुम्हाला, आमच्याकडं रीत अशी की म्हातारं माणूस काम करायलं तर बाईनं ते त्याच्या हातातून काढून घ्यायचं. नाही घेतलं तर गाव म्हणतं, म्हातारीला राबवायली. तर मी आजींच्या हातातून मेथीची जुडी काढून घेतली, कंगवा काढून घेतला, पाण्याचा पेलाबी मीच तोंडाला लावला. आजी म्हणायच्या अगं मी करते, मी म्हणायचे मग मी कशाला आहे. बसून पगार घेते असं कुणी म्हणू नये, हे भ्याव मनात कायम. सहा महिन्यांत आजी पलंगावरून उठेनाशा झाल्या. मला वाटलं, वय आहे.

मग ताई आल्या. दोन दिवस नुसत्या बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, तू वाईट नाहीस गं, पण तू आईला बसवून ठेवलंस. तीन महिने बघते, आई आपली आपण संडासला जायला लागली तर ठीक, नाहीतर तिला म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवायचं आन् घर बंद करायचं. आजी भिंतीकडं तोंड करून ऐकत होत्या.

ताई सांगायच्या, तिकडं त्यांची शेजारीण ऐंशीची, सायकलवर भाजी आणती. रस्ता सपाट, थोड्या थोड्या अंतरावर बाकडं. मदतीला बाई येती ती हात पाठीमागं धरून उभी राहती, अगदीच तोल गेला तर पुढं होती. त्याआधी ताई जपानला होत्या, तिथं म्हातारे झेंडी घेऊन शाळेच्या पोरांना रस्ता पार करून देतात. मी विचारलं, मग त्या सायकलवाल्या आजी जेवायला कुणासंग बसतात. ताई म्हणाल्या, एकटीच जेवते.

मग मी हात पाठीमागं धरायला शिकले. लई अवघड काम. एक जुडी निवडायला आजींना दीड तास, निम्मी पानं देठांबरोबर कचऱ्यात, आन् माझे हात शिवशिवायचे.

बाहेर फुटपाथवर स्कूटरी, म्हणून कंपाउंडातच चालायचं ठरलं. वॉचमनला म्हणलं भैया, दो कुर्सी दो, एक टंकी के पास, एक गेट पे. तो म्हणला शादी है क्या. तीच आमची बाकडी. गेटवर उत्तनची मेरीबाय सुके बोंबील घेऊन येती, सत्तरीची, डोक्यावर टोपली. आजींच्या घरात मासा चालत नाही, पण मेरीबायशी बोलायला म्हणून त्या गेटपर्यंत जायला लागल्या. एकदा विचारलं, ह्या वयात कशी फिरतेस गं. मेरीबाय म्हणाली, मी घरान बसले त बोंबील कोन इकल, तू? आजी कितीतरी दिवसांनी हसल्या.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मी गेले तर आजी भिंत धरून संडासातून बाहेर येत होत्या. मला म्हणाल्या, उशीर केलास.

घर राहिलं. रात्रीची बाई बंद झाली, माझंबी काम निम्म्यावर आलं, आता सकाळीच जाते, दुपारी दुसऱ्यांकडं पोळ्या लाटते. तक्रार नाही. पण गावाकडच्या आईचा घोर लागला. भावजय गुणाची, आईला काडीचं काम करू देत नाही. मी फोनवर म्हणलं, तिला काहीतरी करू दे गं. ती रुसली, म्हणली लोक मला नावं ठेवतील वन्सं, तुमच्या मुंबईतलं मुंबईतच राहू द्या. मग आईनं फोन घेतला आन् हळूच म्हणली, ही दुपारी झोपली की मी शेंगा फोडत बसते.

देव दोघी म्हाताऱ्यांचे हात चालते ठेवो. मी म्हणलं, फोड माय, रोज फोड, टरफलं तेवढी लपव.