बाईंसाठी निवडलेले दाणे

मी चिखलीची, दिलीबी चिखलीतच. मालक गेल्यावर पिंपरीकडं कोंबड्यांचं खाद्य करणाऱ्या एका कंपनीत लागले, तिथल्या लॅबमधी. काम काय, तर बाटल्या धुवायच्या आन बदकाची पिल्लं सांभाळायची. काय सांगू तुमाला, पेंडीला न्हाईतर मक्याला बुरशी आली की लॅबच्या बाई त्याचा अर्क काढायच्या आन तो पिल्लांना पाजायचा. सगळीच बुरशी इखारी नसती, बाई म्हणायच्या, पण नुसत्या डोळ्यांनी कळत न्हाई. पिल्लं हुंदडली तर माल बरा, माना टाकल्या तर इख हाय.

एका साली आमच्या भुईमुगाच्या शेंगा पावसानं ढिगातच भिजल्या, दाण्यांवर हिरवी बुरशी. आन घरात लेक बाळंतीण, सासूबाई तिला दाण्याचं लाडू करायला निघालेल्या. मी म्हणलं, आत्या, थांबा, आधी बाईंना दावती. सासूबाईंनीच मग ओंजळभर दाणं फडक्यात बांधून दिलं. बाईंनी अर्क केला, पाजला मीच. ते दिवस कसं काढलं माझं मला ठावं, सकाळी खुराड्याशी जाताना न्हाई न्हाई ते मनात यायचं. पण पिल्लं चांगली एकमेकांच्या अंगावर चढत व्हती. बाई म्हणाल्या, जा, खुशाल खाऊ घाला लेकीला. मी पायाच पडले त्यांच्या.

लाडू झाले, लेकीनं खाल्ले, बाळ तिच्या अंगावर पीत व्हतं. आन एक दिवस सासूबाई कौतुकानं सांगत्यात, अगं, बाईंसाठी मी एकेक दाणा निवडून दिला, गुलाबी, टपोरा. परक्या बाईच्या हाती खराब माल द्यायचा व्हय, घराची काय अब्रू ऱ्हाईल. खराब व्हते ते पुसून, भाजून लाडवात घातले, वाया कशाला घालवायचे. तिच्या परीनं तिनं चांगलंच केलं व्हतं.

डब्यात उरलेला लाडू तसाच पदरात बांधून नेला. या खेपेला पिल्लांनी माना टाकल्या. बाई म्हणाल्या, हे इख यकृताला धरतं, आईच्या दुधातनंबी उतरतं, डोळं पिवळं पडत्यात, पण पिल्लू केवढं, माणूस केवढं, थोडंच खाल्लंय, बहुतेक काही होणार नाही. मी इचारलं, बहुतेक म्हंजी? तर बाई म्हणाल्या, दोघांच्या डोळ्यांकडं लक्ष ठेवत जा.

आता नातू शाळंत जातोय, लेक धडधाकट हाय. पण ती माहेरी आली की उंबऱ्यातच तिला उजेडाकडं वळवून मी तिचं डोळं बघती, मग नातवाचं. लेक म्हणती, आई, काय बघतीस गं? मी म्हणती, काय न्हाई, दीष्ट लागली का बघती. सुखात ऱ्हावा दोघंबी.