पाना पूजेत होता

हॅलो? हॅलो… मलकापूर? लागला का? तासभर झाला दुकानाच्या फोनवर ट्रंक कॉल लावलाय… कोण, चिमणाबाई? सयाजीची सासू न्हवं? … मावशी, मी गौस. कोल्हापुरातनं, शाहूपुरीतला गॅरेजवाला. तुमच्या जावयाची फटफटी मीच चालू करून दिली.

पोचला सयाजी? … पोचला! या अल्ला, सुटलो… व्हय, आवाज झ्याक हाय तिचा… ऱ्हाऊ दे कौतुक… अहो ऐका की, मावशी! गाडी जाग्यावरनं हलवू नगा म्हणावं त्याला. अजिबात!

का म्हंजी… मागच्या चाकाचा नट आवळलेला न्हाय. नुसता बोटानं फिरवलाय… व्हय, बोटानं! … दारू? थेंबाला शिवत न्हाय मी, काय बोलताय!

सांगतो की. काल टायर बदलाया चाक काढलं. नऊ वर्सं गोठ्यात उभी गाडी, रबराचा पार भुगा झालता. आन आज खंडेनवमी. माझा भागीदार केरबा, त्यानं पहाटंच नट आवळायचं सगळं पानं पूजेला मांडलं. एकदा मांडलं की उद्यापत्तुर हात लावायचा न्हाय… व्हय, मीबी पाळतो. वीस वर्सं पाळतोय. म्हटलं, गाडीबी पूजेत उभी ऱ्हाऊ दे, चाक नुसतं बसवू, उद्या आवळू. मी घरी जेवाय गेलो, तवर सयाजी आला. केरबानं चाकाखाली लिंबू ठेवलं आन दिली की सोडून!

न्हाय, त्याला बोलू नगा. मी त्याला सांगिटलंच न्हवतं. चूक माझी हाय, माझ्या एकट्याची.

तुमची लेक, शालू, कुठं हाय? … निघाली? आत्ता? … बाळ मांडीवर घेऊन? मागं बसून? मावशी, चाक निखळंल! उतारावर निखळंल, कुणी हाताला लागायचं न्हाय! दुकानासमोरच घर हाय न्हवं तुमचं? फोन तसाच टाका आन पळा. पळा, मावशी!

हॅलो? … मावशी? …

चालू झाली… ऐकू येतंय. एका किकला चालू झाली, केरबा. सव्वा महिना मर मर मेलो ह्या आवाजासाठी. सायलेन्सरातनं उंदराचं घरटं काढलं, टाकीत खडी घालून घुसळली… आता बंद पड गं बाई. एकदा बंद पड. पुन्ना कधी काय मागायचो न्हाय.

कोण? … तीन मिन्टं झाली? वाढवा की, ऑपरेटर आक्का! पाया पडतो, तोडू नगा, लहान लेकरू हाय गाडीवर…

लांब गेला आवाज… केरबा, गेली रं. गेली गाडी…

हॅलो? … कोण? … सयाजी! कोपऱ्यावर गाठलं मावशींनी? उतरलास? … शालू? बाळ? … सगळी खाली हाईत? खरं सांग… न्हाय रं, रडतोय कुठं, घसा बसलाय.

शिव्या मग दे. पोटभर दे. आधी मागचं चाक बघून ये, उजव्या अंगाचा नट किती सैल झालाय ते. जा, मी धरतो.

…

हं, बोल. … काय? … न्हाय म्हंजी? नटच न्हाय? … कुठं पडला? … अरं, मलकापुरापत्तुर नुसत्या आसावर गेलास तू?

बस. खाली बस तिथंच. शालूला घरात पाठीव. गाडीला कुणी हात लावायचा न्हाय, पोरं चढू देऊ नगंस. मी पुढच्या एष्टीनं येतो, नट घेऊन… पाना? पाना तर पूजेत…

थांब. केरबा उठला बघ… उचलला. पूजेतला पाना उचलला त्यानं. हळद-कुंकू पुसलंबी न्हाय, तसाच माझ्या हातात दिलाय… हॅलो? सयाजी? … हॅलो?