बिनदगडाची रांग

मी एस्तेर. जन्म हितलाच, मेढ्याच्या वाटेवरच्या आमच्या गावचा, आन घर म्हंजे कबरस्तानाच्या भिताडाला पाठ लावून. माझे आप्पा कबरी खणायचे, त्यांचे आप्पाबी तेच करायचे, आन मी सातारला फ्लेक्सच्या दुकानात काम करते, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फोटो गोरे करून देते. लोक इचारत्यात, आगं, कबरस्तानाजवळ ऱ्हायला भ्या वाटत न्हाई का? मी म्हणते, मला प्लॉटवाल्यांचं भ्या वाटतं. समदा डोंगर कापून विकला, ओढा बुजवला, एवढी एक जागा ऱ्हायली ती भुताच्या भीतीनं. भुतांचे लय उपकार हायेत आमच्या गावावर.

शांत जागा म्हणत्यात तिला. कसली शांत! गोऱ्या सायबांच्या जुन्या कबरी हायेत, अक्षरं शेवाळानं खाल्लेली, त्यातल्या एकीवर सकाळच्या उन्हाला धामण पसरलेली असती, आमी तिला मडम म्हणायचो. आंब्यावर आमरीच्या फुलांचे घोस लोंबत्यात, पावसाच्या तोंडाला नवरंग पक्षी येतो आन दोन सुरात शीळ घालतो, भादव्यात सोनकी अशी पिवळी पसरती की कबरी तरंगल्यागत वाटत्यात. ल्हानपणी मी धुक्यात दगडावर पडून ऱ्हायची, गाल गार दगडाला लावून, आन मला वाटायचं खालची माणसंबी माज्यासारखीच पडून वर बघत्यात, तीच शीळ ऐकत्यात. अजूनबी वाटतं, खोटं कशाला सांगू.

हे समदं टिकलं ते एका रिवाजानं. आमच्यात ईस्टरच्या पहाटे उपासना कबरस्तानातच असती, आन गवताला इळा लावायचा तो फक्त आदल्या शनिवारी. वरीसभर कुनी काडीला हात लावत न्हाई. तवर गवताचं बी गळून गेलेलं असतं, पाखरांची पिलं उडून गेलेली असत्यात. मंग इळे निघत्यात, कबरींना चुना लागतो, बाया हसत्यात, भांडत्यात, चहा व्हतो.

आन खालच्या कोपऱ्यात बिनदगडाची रांग हाय. ल्हान लेकरांची. दगड ठेवायची ऐपत नव्हती तवा आया घरामागचा भुईचाफ्याचा गड्डा आणून लेकराच्या उशाशी लावायच्या. एरवी तिथं काय दिसत न्हाई, उघडी माती. ईस्टरच्या सुमाराला मातीतनं एकदम फूल येतं, ना पान ना देठ, पांढरं, ओठासारख्या पाकळीला जांभळं, आन वास असा की चालता माणूस थांबावा. दुपारच्याला मान टाकतं. माझा थोरला भाऊ त्या रांगेत हाय, नाव ठेवायच्या आधीच गेला. आईला इचारलं, कितवा गं आपला, तर ती बोट दाखवायची न्हाई, चालत जाऊन नेमकी उभी ऱ्हायची, पर पुन्हा उघड्या मातीत मला ती जागा गवसायची न्हाई.

तर गेल्या साली काय झालं. सायमनकाका, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले, चर्चच्या मंडळीच्या कमिटीचे अध्यक्ष. माणूस चांगला, पर समदं सरळ रेषेत पायजे. त्यांनी ठरवलं, खालच्या कोपऱ्यात सिमेंटचे ब्लॉक बसवायचे, वर बाकडी, पावण्यांना बसाया. गुरवारी ट्रॅक्टर आला, ब्लॉकची थप्पी कोपऱ्यातच लावली, गवंडी म्हणाला ईस्टर झाला की सोमवारी काम धरतो. मी भडकले. रातोरात पत्रक छापलं, मथळा दिला, मेलेल्यांवर फरशी, जित्यांवर कवा? शनिवारी साफसफाईला आलेल्या समद्यांच्या हातात दिलं. वाचलं कुनी? फुटाणेवाल्या मार्थामावशीनं त्यातच पुडी बांधली आन म्हणाली, अक्षर झ्याक हाय गं. सायमनकाका म्हणाले, पोरी, हितं हाय काय, मोकळी जागा तर हाय. आन खरंच, माती कोरडी, एक फूल न्हाई. मी वरडत व्हते, आई थप्पीकडंच बघत व्हती.

त्याच सांजेला वळीव सडा टाकून गेला.

पहाटं आमी धुक्यात उभे, हातात मेणबत्त्या, पाळकसायबांनी प्रार्थना धरली, आन वास आला. आधी वासच. मंग उजाडत गेलं तसं दिसलं, कोपऱ्यात मातीतनं फुलं आली व्हती, हितं एक, तिथं दोन, जशी कुनी ओंजळीनं ठेवली. गाणं चालू असताना मार्थामावशी रांगेतनं निघाली, एका फुलापाशी जाऊन उभी ऱ्हायली. मंग दुसरी म्हातारी गेली. मंग आणखी. मला ठाव नव्हतं मार्थामावशीचं बी लेकरू तिथं हाय म्हणून. सगळ्यात शेवटी आई गेली, आन ब्लॉकच्या थप्पीजवळ उभी ऱ्हायली.

सायमनकाका मेडल लावलेल्या कोटात तिच्यापाशी गेले. आवं वहिनी, तुमी हितं का उभ्या? आई म्हणाली, भावजी, माझा ह्याच्याखाली हाय.

गाणं थांबलं. काकांनी मंग कोट काढून भिताडावर ठेवला आन वरचा ब्लॉक उचलला. पोरं धावली तर म्हणाले, हळू रं, फेकू नका. एकाच्या हातनं दुसऱ्याच्या हातात, बाया, पाळकसायेब, समदी लागली. तळाशी माती दगडागत दाबलेली, त्यात एक कळी, चपटी, पिवळी पडलेली. आईनं तिच्यावर पदराचा वारा घातला, तान्ह्याला घालत्यात तसा.

ते ब्लॉक आता फाटकाजवळच्या नळाखाली हायेत, चिखल व्हत न्हाई, बेस झालं. कोपऱ्याला काकांनी दोरी लावलीय, सरळ रेषेत, त्यांना कोण सांगणार. माझं पत्रक कुटं गेलं ते फुटाणेवालीला ठाव.

आईचा गड्डा जगला का मेला, समजत न्हाई. मागल्या पावसाळ्यात तिथं एक पान आलं व्हतं, रुंद, खालनं जांभळं, पर आई म्हणती, शेजारच्याचं सरकलं असंल. आता ते बी वाळून गेलंय. ईस्टर जवळ आलाय, आई रोज सांजंला तांब्याभर पाणी घेऊन जाती. फूल आलं तर आलं, न्हाई तर आई हायच उभी ऱ्हायला, आन तिच्यामागं मी. मला आता ती जागा ठाव झालीय.

तुमीबी या ईस्टरला, देव तुमचं भलं करो. फकस्त खालच्या कोपऱ्यात आलात तर चपला काढा, आन माती मोकळी दिसली तरी बघून पाय टाका.