जुन्या चष्म्याचा स्क्रू

(स्वयंपाकघरातलं टेबल. मुलगी नुकतीच प्रयोगशाळेतून आलीय. पायातले बूटही तसेच.)

बाबा : म्हणजे नमुना काढून घेतलास, तरी?

मुलगी : तरी! नमुना ठेवायची पट्टी रिकामीच मशीनमध्ये सोडली, चुंबकीय क्षेत्र वाढवलं, आणि आलेख आला तसाच ऐटीत वर. ज्याला मी इतके दिवस ‘नवं चुंबकत्व’ म्हणून मिरवतेय, ते नमुना नसतानाही हजर.

आई : नमुना म्हणजे तेच ना, चिकटपट्टीने पापुद्रे सोलतेस ते?

मुलगी : तेच. सोलत सोलत अणूएवढ्या जाडीपर्यंत गेले गं मी!

बाबा : मग ते चुंबकत्व कुणाचं?

मुलगी : तुमच्या चष्म्याचं.

बाबा : अगं, तो माझ्या नाकावर आहे!

मुलगी : जुन्या चष्म्याचं. पट्टीचा पितळी स्क्रू हरवला, नवा यायला वेळ लागणार होता, म्हणून तुमच्या डबीतला नेला नव्हता का? तो पोलादी निघाला.

बाबा : अरेरे. आणि मी सगळ्यांना सांगतोय, संशोधनात माझाही हातभार आहे!

मुलगी : सगळाच तुमचा आहे, बाबा. डोंगर पोखरून लोकांना निदान उंदीर तरी सापडतो. चुंबकावर डॉक्टरेट करणाऱ्या बाईने स्क्रूला एकदा चुंबक लावून बघू नये?

आई : बरं, उद्या सर बाहेरच्या पाहुण्यांपुढे हेच मांडणार आहेत ना? तुझ्या नोकरीचं त्यावरच ठरणार ना?

मुलगी : हो.

आई : मग उद्याचा दिवस जाऊ दे. परवा सांग.

मुलगी : बसमध्ये माझ्याही मनात तेच आलं. फार गोड वाटलं. म्हणूनच भीती वाटली. फोन दे इकडे... सर, मी बोलतेय. तो आलेख आपल्या नमुन्याचा नाही, पट्टीच्या स्क्रूचा आहे... हो, स्क्रूचा... चष्म्याच्या... नाही सर, माझ्या वडलांच्या... हो... हो, कळलं. ठेवते.

आई : काय म्हणाले?

मुलगी : आधी हसले. मग म्हणाले, आता हे मांडायचं नाही. उद्या दुसरं कुणीतरी बोलेल. नोकरीचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

आई : ...बूट काढ आधी. जेवून घे.

मुलगी : रडू येतंय गं, आणि हसूही येतंय. बाबा कुठे गेले?

बाबा : हा स्क्रू घे. पितळी आहे. फ्रिजवरचं चुंबक लावून बघितलं. चिकटत नाही.

मुलगी : आता तरी बघितलं कुणीतरी! पण बाबा, हा लावून मोजलं आणि त्या थरांत काहीच निघालं नाही तर?

बाबा : तर काही नाही म्हणून सांग. या वेळी मोजून सांगशील ना?